तीन उड्या

कॅलिफोर्निया राज्याच्या मासेमारी आणि शिकारीच्या कायद्यात बेडकांच्या उड्यांच्या स्पर्धेसाठी वेगळी कलमं आहेत. स्पर्धेसाठी बेडूक वर्षभरात केव्हाही धरता येतो, परवाना लागत नाही. हवे तितके जिवंत बेडूक जवळ बाळगता येतात. मात्र बेडूक धरायचं साधन असं असेल की त्याने एरवी बेडकाला गंभीर इजा होऊ शकते, तर तो स्पर्धेसाठी धरलेलाच नाही असं कायदा ठाम मानतो. त्यावर वाद नाही. आणि स्पर्धेसाठी आणलेला बेडूक मेला, तर त्याची लवकरात लवकर विल्हेवाट लावायची. तो खायचा नाही, दुसऱ्या कशासाठीही वापरायचा नाही.

हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. खेळासाठी धरलेला जीव आणि ताटासाठी धरलेला जीव यांतला फरक ओळखायचा कसा, याचा कुणीतरी बसून नीट विचार केला होता. भाल्याने टोचून आणलात तर तो जेवणासाठी. हाताने किंवा जाळीने अलगद उचललात तर खेळासाठी. बेडकासारख्या प्राण्यासाठी कायद्याने एवढं बारकाईने लिहावं, याचंच मला अप्रूप वाटलं.

ही कलमं मी शोधून वाचली ती एंजल्स कॅम्प या गावामुळे. तिथल्या मेळ्यात दरवर्षी बेडकांच्या उड्यांची स्पर्धा होते.

आई-बाबा मे महिन्यात आमच्याकडे आले होते. कॅलॅवेरस बिग ट्रीजमधली सिकोयाची अजस्र झाडं दाखवायची, मग हायवे 49 धरून दक्षिणेला उतरायचं आणि योसेमिटीला जायचं, असा बेत होता. स्टॉकटन मागे पडलं की हायवे 4 बराच वेळ सपाट शेतांतून आणि बागांमधून जातो. फार्मिंग्टन, मग कॉपरोपोलिस, आणि मग टेकड्या सुरू होतात. एप्रिलपर्यंत हिरव्या असलेल्या त्या टेकड्यांवरचं गवत मे महिन्यात वाळून सोनेरी झालेलं असतं आणि त्यात ओकची झाडं एकेकटी उभी असतात. बाबा सिंधुदुर्गातले. मे महिन्यातलं वाळलं गवत त्यांना नवं नाही. पण पुढे पाऊस नाही, थेट नोव्हेंबरपर्यंत हे असंच राहणार, हे सांगितल्यावर ते जरा अस्वस्थ झाले. "मग बेबे काय करतत?" त्यांनी विचारलं. बेडकांना ते अजून बेबेच म्हणतात. त्यांच्या मनात काय चाललं होतं कोण जाणे, कारण समोर कुठेही बेडूक नव्हता. तो तासाभराने आला.

हायवे 4 आणि हायवे 49 जिथे भेटतात तिथे एंजल्स कॅम्प आहे. 49 हा आकडा 1849 सालचा, सोन्याच्या शोधात इथे लोटलेल्या माणसांचा. गाव तेव्हाच वसलं. आज वस्ती चार हजारांच्याही आत आहे. मुख्य रस्ता एका चढावर आहे, दोन्ही बाजूंना जुन्या दगडी-विटांच्या इमारती. त्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती, म्हणून आम्ही गाडी लावून पायी निघालो. थोड्या वेळाने मुलगी थांबली आणि खाली बघायला लागली. फुटपाथवर धातूच्या पाट्या बसवलेल्या आहेत. प्रत्येक पाटीवर एक वर्ष, एका बेडकाचं नाव, त्याला घेऊन आलेल्या माणसाचं नाव, आणि अंतर फुटांत आणि इंचांत. सिनेमातल्या नटांची नावं फुटपाथवर कोरतात तशी इथे बेडकांची कोरलेली. ती आजोबांना एकेक पाटी वाचून दाखवत चढ चढत गेली. 1986 सालच्या पाटीपाशी ती ओरडली, "आजोबा, एकवीस फूट!"

रोझी द रिबिटर. 21 फूट पावणेसहा इंच. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

मेळा गावाबाहेरच्या मैदानावर भरतो. त्या जागेला फ्रॉगटाउनच म्हणतात. कॅलॅवेरस काउंटीचा हा वार्षिक मेळा, मे महिन्यातल्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी. बाकी जे मेळ्यात असतं ते सगळं होतं. पाळणे होते, मुलांनी वर्षभर वाढवलेली डुकरं आणि मेंढ्या होत्या, उन्हाने लाल झालेली माणसं होती. आम्ही सरळ बेडकांच्या मंचाकडे गेलो.

मंचावर एक हिरवी गोल चकती असते. बेडूक घेऊन येणाऱ्याला जॉकी म्हणतात. चारही पाय चकतीवर टेकतील असा बेडूक ठेवायचा आणि हात काढून घ्यायचा. त्यानंतर त्याला स्पर्श करायचा नाही. बेडूक नाकापासून मागच्या टोकापर्यंत किमान 4 इंच हवा. त्याने तीन उड्या मारायच्या. चकतीच्या मध्यापासून तिसरी उडी जिथे संपेल तिथपर्यंतचं सरळ अंतर मोजतात. उड्यांची बेरीज करत नाहीत, फक्त शेवटचा बिंदू बघतात. खरा थरार या एका नियमात आहे. पहिली उडी कितीही लांब पडो, बेडूक दुसऱ्या उडीला डावीकडे वळला आणि तिसऱ्या उडीला परत फिरला, तर सगळं वाया.

एका तरुणाच्या बेडकाची पहिली उडी इतकी लांब गेली की बाकांवरची माणसं उभी राहिली. दुसरी तिच्याहून लांब. तिसऱ्या उडीला त्या बेडकाने अर्धगोल वळून, काहीतरी विसरल्यासारखं, चकतीच्या दिशेने झेप घेतली. सगळ्या मैदानातून एकच हाय निघाली. बाबांनी मांडीवर थाप मारली आणि मोठ्याने हसले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच इतकं मनापासून हसत होते. आईने माझ्याकडे पाहिलं.

जॉकी दोन प्रकारचे असतात. आमच्या मुलीसारखी कुणीही येऊन तिथल्याच टबातला बेडूक भाड्याने घेऊन मंचावर जाऊ शकतात. ती गेली. पालथी पडून बेडकाच्या मागे फुंकर मारत राहिली. बेडकाने एक उडी मारली आणि बसून राहिला. तिने त्याच्याशी मराठीत बोलून पाहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेडकाने डोळे मिटून उघडले, बस.

दुसरे जॉकी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हेच करणारी कुटुंबं. एकसारखे शर्ट घातलेली, आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळी. त्यांचे बेडूक ते स्वतः रात्री तळ्यांवर जाऊन धरतात आणि कुठलं तळं ते कुणालाही सांगत नाहीत. मंचावर त्यांचं काम वेगळंच दिसतं. बेडकाचे मागचे पाय हाताने चोळतात. त्याला चकतीवर ठेवताना थोड्या उंचीवरून अलगद टाकतात. आणि हात सुटताक्षणी अख्खं शरीर पुढे झोकून, डोकं खाली घालून, बेडकावर झेपावत असे काही ओरडतात की लांब बसलेल्या माणसाच्याही पोटात गोळा यावा. बेडूक सुटतो. जॉकी त्याच्यामागे गुडघ्यांवर, पुन्हा झेप, पुन्हा आरोळी. तीन उड्या, दोन-तीन सेकंद, संपलं.

आरोळ्यांनी बाबांचं हसू थांबलं. थोडा वेळ ते बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तो खेळणा नाय गो. पळता तो."

बाबांचं म्हणणं खरंच होतं, आणि ते या लेखात मला टाळायचं नाही. बेडकाला स्पर्धा ठाऊक नाही. मागून काहीतरी मोठं अंगावर येतंय एवढंच त्याला कळतं, आणि तो जीव वाचवायला जमेल तितकं लांब उडतो. आपण जे अंतर फितीने मोजतो ते त्याच्या भीतीचं अंतर आहे. हेही खरं की इथे बेडकांची काळजी घेण्यासाठी लिखित नियम आहेत. त्यांना सावलीत आणि ओलसर ठेवतात, विश्रांती देतात, पुन्हा पुन्हा उडवत नाहीत. मी टबांजवळ बराच वेळ उभी राहिले. बेडूक धडधाकट दिसत होते, त्यांची कातडी ओली होती, आणि त्यांना हाताळणारी माणसं त्यांना दोन्ही हातांनी, पोटाखाली आधार देऊन उचलत होती. बारावीच्या प्रॅक्टिकलला आम्ही मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी जे बेडूक ताणून बसवले, त्यांच्याकडे आमच्यापैकी कुणी अशा नजरेने पाहिलं नव्हतं.

त्या आरोळीचा एक अनपेक्षित फायदा शास्त्राला झाला आहे. या स्पर्धेत उडतात ते बुलफ्रॉग जातीचे बेडूक. प्रयोगशाळेत मोजलेल्या त्यांच्या उड्या 1.3 मीटरच्या आत असत, शास्त्रीय साहित्यात तीच त्यांची कमाल मानलेली होती. रोझीच्या विक्रमाला तीनने भागा, एका उडीला जवळपास 2.18 मीटर येतात. मग गावकरी थापा मारत होते की शास्त्रज्ञांचं मोजमाप कमी पडत होतं? ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी थेट या मेळ्यात येऊन कॅमेरे लावले आणि 3,124 उड्यांचं मोजमाप केलं. 2013 साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. अर्ध्याहून जास्त, 58 टक्के उड्या, प्रयोगशाळेतल्या त्या कमाल आकड्याच्या पुढे गेल्या होत्या. सगळ्यांत लांब एक उडी 2.2 मीटर होती. म्हणजे रोझीचा आकडा अशक्य नव्हता. प्रयोगशाळेतल्या बेडकांना लांब उडायचं काही कारणच मिळालं नव्हतं. मुरलेल्या जॉकींचे बेडूक भाड्याच्या बेडकांपेक्षा लांब उडतात, हेही त्यांना दिसलं.

एवढी ताकद त्या पायांत येते कुठून, याचंही उत्तर मिळालेलं आहे. बेडकाच्या स्नायूला इतक्या थोड्या वेळात एवढी शक्ती एकट्याने देता येत नाही. उडी मारण्याआधी, पाय अजून हललेलाही नसतो तेव्हा, स्नायू आकसून घोट्याजवळचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, ताणून ठेवतो आणि मग तो कंडरा गलोलीच्या रबरासारखा सुटतो. आपल्याला बेडूक नुसता बसलेला दिसतो तेव्हा आत ही ओढाताण आधीच सुरू झालेली असते. हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणून तो उडायच्या आधी जरा खाली दबता." त्यांनी ते लहानपणीच पाहून ठेवलं होतं.

प्राण्याकडे असं लक्ष देऊन बघणाऱ्या माणसांविषयी मला आदर आहे. तळ्याकाठी रात्री काढलेल्या माणसाला जे कळलं होतं ते प्रयोगशाळेला मेळ्यात येऊन शिकावं लागलं. म्हणूनच पुढची गोष्ट मला जास्त लागली.

या सगळ्याच्या मुळाशी अमेरिकन लेखक मार्क ट्वेन आहे. 1864 च्या डिसेंबरात तो सॅन फ्रान्सिस्को सोडून इथे आला आणि एंजल्स कॅम्पजवळच्या जॅकअॅस हिलवर एका मित्राच्या झोपडीत राहिला. तो तेव्हा 29 वर्षांचा होता आणि त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. पावसाने बाहेर पडता येईना. गावातल्या हॉटेलात बसल्या बसल्या त्याने एक गोष्ट ऐकली आणि वहीत चार ओळींत टिपून ठेवली. कोलमन नावाच्या माणसाकडे उडी मारणारा बेडूक होता. त्याने एका परक्याशी 50 डॉलरची पैज लावली. परक्याकडे बेडूक नव्हता म्हणून कोलमन त्याच्यासाठी एक शोधायला गेला. तेवढ्यात परक्याने कोलमनच्या बेडकाच्या पोटात बंदुकीचे छर्रे भरले. बेडकाला उडताच आलं नाही. पुढच्या वर्षी, 18 नोव्हेंबर 1865 ला, ही गोष्ट न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात छापून आली. कोलमनचा जिम स्मायली झाला, 50 डॉलरचे 40 झाले, बेडकाला डॅनियल वेब्स्टर हे एका सिनेटरचं नाव मिळालं, आणि मार्क ट्वेन देशभर माहीत झाला.

1928 साली एंजल्स कॅम्पचा मुख्य रस्ता पक्का झाला. तो आनंद साजरा करताना गावाला ही गोष्ट आठवली आणि बेडकांची पहिली स्पर्धा झाली. तेव्हापासूनची परंपरा फुटपाथवर कोरलेली आहे.

आता त्या गोष्टीतला बेडूक नेमका कुठला, ते बघा. स्पर्धेत उडणारा बुलफ्रॉग मूळचा अमेरिकेच्या पूर्व भागातला. 1865 साली तो कॅलिफोर्नियात नव्हताच. डॅनियल वेब्स्टर जर खराच कुणी असेल तर तो कॅलिफोर्नियाचा लाल पायांचा बेडूक असणार. पश्चिम अमेरिकेतला सगळ्यांत मोठा देशी बेडूक. पाठ तपकिरी-हिरवट, आणि मागच्या पायांची आतली बाजू लाल.

त्याचं काय झालं ते सोन्याच्या शोधात आलेल्या माणसांच्या ताटात दिसतं. सॅन फ्रान्सिस्को वाढत गेलं, तिथल्या हॉटेलांत बेडकाच्या तंगड्यांना मागणी आली, आणि आसपासच्या दलदलींतून आणि तळ्यांतून लाल पायांचे बेडूक पोत्यांनी जाऊ लागले. या जातीत मादी नरापेक्षा मोठी असते, म्हणून माद्या जास्त मारल्या गेल्या. अंडी घालणाऱ्या माद्याच गेल्यावर पुढे काय होणार? शतक संपता संपता बेडूक मिळेनासे झाले. मागणी मात्र कायम होती. मग 1896 च्या सुमारास पूर्वेकडून बुलफ्रॉग आणले, अंगाने मोठे, भराभर वाढणारे. ते तळ्यांत सुटले आणि तोंडात मावेल ते सगळं खात सुटले. लाल पायांचे बेडूक आणि त्यांची पिल्लंही त्यांनी खाल्ली. बेडकांच्या कातडीला होणारा एक बुरशीचा रोग जगभर त्यांच्या अनेक जाती संपवतो आहे. बुलफ्रॉग तो अंगावर वागवतो आणि स्वतः सहसा मरत नाही.

1928 च्या पहिल्या स्पर्धेपर्यंत हा बदल होऊनही गेला होता. गावाने आपल्या सगळ्यांत लाडक्या गोष्टीतला बेडूक शोधायला तळ्यात हात घातला तेव्हा हाताला लागला तो त्याच्या जागी आलेला दुसराच.

हे मी घरी जाऊन वाचलं नाही. तिथेच, बाकावर बसून, फोनवर वाचत गेले आणि आई-बाबांना सांगत गेले. बाबा ऐकत होते. मग ते आमच्याकडचं बोलायला लागले. ते तरुण असताना पावसाच्या पहिल्या आठवड्यात रात्री बत्त्या घेऊन माणसं शेतांत उतरत. मोठे नर बेडूक तेव्हा अंगभर पिवळेधमक होतात, गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात, आणि त्या आवाजावरच ते सापडतात. पोती भरून माल जायचा. भारतातून बेडकाच्या तंगड्या परदेशी जात होत्या त्या 1987 साली सरकारने बंदी घालेपर्यंत. त्या काळात रोपांवर कीड वाढली आहे हे शेतात राबणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं, असं बाबा म्हणाले. "बत्ती मारली की तो हलत नाय. बघत रवता." हे सांगताना त्यांनी आवाज खाली केला, आणि मला पहिल्यांदा जाणवलं की त्यांनीही कधीतरी ती पोती वाहिली असतील. मी विचारलं नाही.

संध्याकाळी गर्दी कमी झाल्यावर मी एका जुन्या संघाच्या तंबूपाशी गेले. सत्तरीपुढच्या एक बाई टबावर ओलं गोणपाट पसरत होत्या. लहानपणी त्या वडिलांबरोबर तळ्यावर जायच्या, आता नातवंडांना घेऊन जातात. बेडूक धरायला जाळी आणि हात, दुसरं काही नाही. धरल्यावर प्रत्येकाची जागा लक्षात ठेवतात, मेळा संपला की त्याच तळ्यात सोडून येतात. प्रत्येक बेडकाचा स्वभाव त्यांना सांगता येत होता. हा दुपारी चांगला उडतो, हा गर्दीत बुजतो, ही डावीकडेच वळते. मी लाल पायांच्या बेडकाबद्दल विचारलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. तो 1996 पासून संरक्षित आहे, त्याला हात लावणंही गुन्हा, 2014 मध्ये राज्याने त्याला आपला अधिकृत उभयचर म्हणून निवडलं. 2003 मध्ये याच काउंटीत एका खासगी जमिनीवरच्या तळ्यात काही सापडले, त्याआधी कित्येक वर्षं इथे दिसलेच नव्हते.

"तुम्ही पाहिलाय?" मी विचारलं.

त्यांनी गोणपाट सारखं केलं. "आयुष्य बेडकांत गेलं माझं," त्या म्हणाल्या, "पण तो एकदाही नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही हायवे 49 ने दक्षिणेला निघालो. जॅकअॅस हिलवर ट्वेनच्या झोपडीची प्रतिकृती आहे, ती पाहिली आणि पुढे गेलो. सिकोयांची झाडं आदल्या दिवशी राहून गेली होती, त्याबद्दल आईने मला दोनदा बोलून दाखवलं. ते योग्यच होतं.

योसेमिटीच्या दरीत पोहोचल्यावर मुलीने एका रेंजरबाईंना विचारलं की इथे बुलफ्रॉग आहेत का. त्या हसून म्हणाल्या, आता नाहीत. दरीतल्या तळ्यांत ते होते. एकेक शोधून काढायला कितीतरी वर्षं लागली, रात्री आवाज ऐकत फिरावं लागलं. 2016 पासून तिथे लाल पायांचे बेडूक पुन्हा सोडायला सुरुवात झाली, आणि 2019 मध्ये दरीत त्यांची अंडी सापडली. सोडलेले बेडूक सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात अंड्यांपासून वाढवलेले होते. ज्या शहराने ते खाऊन संपवले त्याच शहरात आता माणसं त्यांना भरवून मोठं करतात आणि गाडीतून डोंगरांत पोहोचवतात. मी बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "रस्त्यात पाणी मारतत ना त्यांच्यावर?"

एंजल्स कॅम्पची स्पर्धा बंद व्हावी असं मला वाटत नाही. बुलफ्रॉग त्या भागातून आता जाणार नाही, आणि त्याला धरून, उडवून, परत सोडणारी ती कुटुंबं बेडकाला जितकं ओळखतात तितकं ओळखणारी माणसं मला दुसरीकडे भेटलेली नाहीत. मंचावरची आरोळी मला आवडली नाही. पण बेडकांचं खरं नुकसान मंचावर झालं नाही. ते तळ्यांत झालं, स्पर्धा सुरू होण्याच्याही आधी, आणि तिथे टाळ्या वाजवायला किंवा आक्षेप घ्यायला कुणी नव्हतं. इतका जीव लावणाऱ्या गावाने त्या नुकसानीचा हिशेबही उघडपणे मांडावा, एवढंच मला वाटतं. मेळ्यातल्या पैशातला काही भाग लाल पायांच्या बेडकांच्या तळ्यांसाठी गेला तर उत्तमच. तळी कुंपण घालून जपणं, त्यांतून बुलफ्रॉग काढत राहणं, ही चिकाटीची कामं आहेत. रात्री हाताने बेडूक धरणाऱ्या त्या संघांइतकं चांगलं ते कोण करील?

परत आल्यावर मी मेळ्याच्या कार्यालयाला एक पत्र लिहिलं. मुलीने त्यात पुरवणी जोडली. तिचं म्हणणं, फुटपाथवर एक पाटी डॅनियल वेब्स्टरच्या जातीसाठी हवी, वर्ष 1865, अंतराची जागा रिकामी. बाबांनी पत्र मराठीत वाचून घेतलं आणि एक दुरुस्ती सुचवली. पाटीवर बेडकाचं चित्र असेल तर त्याचे मागचे पाय पोटाखाली दुमडलेले नकोत. ते थोडे बाजूला दिसले पाहिजेत, म्हणजे त्यांचा लाल रंग चालणाऱ्याला कळेल. तीही आम्ही लिहून पाठवली आहे.